खालच्या पट्टीतला रेडिओग्राम

12 नोव्हेंबर 2023

काकूंचं जुनं घर रिकामं करायला मदत म्हणून गेले होते. मागच्या खोलीत गाद्यांच्या थप्पीखाली काहीतरी लांबट, पायांवर उभं असलेलं दिसलं. गाद्या उतरवल्या, चादर ओढली आणि हातातलं बाकीचं काम तिथंच राहिलं. रेडिओग्राम, रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकाच पेटीत! साडेचार फूट लांब, निमुळते चार पाय, वर दोन झाकणं. डाव्या झाकणाखाली रेकॉर्ड चेंजर, म्हणजे एकीमागून एक रेकॉर्ड आपोआप लावणारं यंत्र, उजव्या झाकणाखाली रेडिओची काचेची पट्टी आणि हस्तिदंती रंगाची सहा बटणं, त्यातलं एक गायब. समोर दोन्ही टोकांना स्पीकरचं सोनेरी धाग्याचं कापड.

"काकांनी आणला होता, परदेशातली नोकरी संपवून आले तेव्हा. बोटीनं आला," काकू म्हणाल्या. "रेडिओ छान लागायचा गं. रेकॉर्डचं मात्र कधी काही जमलं नाही. बघायला माणूस आला होता, तो म्हणाला मोटर दमलीय. मग आम्ही रेडिओच ऐकत राहिलो. तुला हवा तर ने, नाहीतर उद्या भंगारात जाईल."

नेते म्हटलं. त्यांनी लगेच वायर पुढे केली, "लावून तर बघ!" मी त्यांचा हात धरला. इतकी वर्षं बंद असलेल्या व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांच्या) सेटला थेट वीज द्यायची नसते. आतले वीज साठवणारे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकलेले असतात. वीज मिळाली की ते शॉर्ट होतात आणि जाता जाता रेक्टिफायर (एसीची डीसी वीज करणारा व्हॉल्व्ह) आणि मेन ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातात. कंडेन्सर दुसरा मिळतो. हा ट्रान्सफॉर्मर पुन्हा मिळणार नाही.

14 नोव्हेंबर

तिघांनी मिळून घरी आणला. मागचा पुठ्ठा काढला तर तळाशी उंदराचं घरटं, डाव्या बाजूच्या दोन वायरी कुरतडलेल्या. बाकी सगळं जागच्या जागी, फक्त धुळीचा थर बोटभर. ब्रश आणि व्हॅक्यूम घेऊन तास दीड तास नुसती धूळच काढली.

कंपनीच्या नावाची पट्टी कधीच पडून गेली आहे, दोन छोटी भोकं तेवढी उरलीत. त्यामुळे वय आतल्या खुणांवरूनच काढावं लागलं. दोन चॅनल आहेत, म्हणजे 1958 नंतरचा. स्टीरिओ एलपी बाजारात आल्या त्याच सुमारास. रेडिओला एफएम आहे, पण स्टीरिओ डिकोडर नाही. एफएमवरचं स्टीरिओ प्रसारण अमेरिकेत 1961 च्या जूनमध्ये सुरू झालं आणि इतरत्र त्याहून उशिरा, तेव्हा त्याच्या आगेमागे कधीतरी. शेवटी मोठ्या कंडेन्सरच्या अॅल्युमिनियमच्या डब्यावर शाईचा शिक्का सापडला : 1962.

व्हॉल्व्ह सगळे आहेत. आउटपुटला दोन ईएल 84, प्रत्येक चॅनलला एक. त्यांच्या आधी ईसीसी 83, रेक्टिफायर ईझेड 81. रेडिओच्या बाजूला ईसीसी 85, ईसीएच 81, ईबीएफ 89, ईएबीसी 80 आणि काचेच्या पट्टीमागे ईएम 84, हिरवा जादूचा डोळा, स्टेशन नीट लागलं की नाही ते दाखवणारा. मागच्या व्होल्टेज सिलेक्टरची खूण बरोबर 220 वर होती, ती बघून बरं वाटलं. आणणाऱ्यानं तेवढी काळजी घेतली होती.

18 नोव्हेंबर

भाऊ येऊन गेला. त्याचं म्हणणं, आतलं सगळं काढून टाक, छोटा नवा अॅम्प्लिफायर आणि ब्लूटूथ बसव, वर चांगलं टर्नटेबल ठेव, दोन दिवसांचं काम. बरेच जण असंच करतात हे मलाही माहीत आहे. मला ते पटत नाही आणि त्यामागे निव्वळ जुन्याची माया नाही.

रेकॉर्ड कोरताना खालचे सूर मुद्दाम दाबलेले असतात आणि वरचे उचललेले. खालचे सूर पूर्ण ताकदीनं कोरले तर खाच इतकी रुंद होईल की एका बाजूला फार थोडं मावेल. वरचे उचलले नाहीत तर ते खरखरीत बुडतील. वाजवताना याच्या बरोबर उलटं करावं लागतं. 1954 पासून हे सगळं आरआयएए नावाच्या एकाच वळणानं चालतं. आजच्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला (कार्ट्रिज म्हणजे सुईच्या थरथरीची वीज करणारा भाग) त्यासाठी वेगळा प्रीअॅम्प, म्हणजे आधीचा छोटा अॅम्प्लिफायर, लागतो, कारण ती सुईच्या वेगाला प्रतिसाद देते. सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिज मात्र सुई किती सरकली त्याला प्रतिसाद देते, आणि तिला पुढे मोठा रेझिस्टन्स दिला, एक-दोन मेगओहमचा, की हे उलटं वळण बहुतेक आपोआपच साधतं. वर तिचा आउटपुट काहीशे मिलिव्होल्ट, मॅग्नेटिकचा जेमतेम पाच. म्हणून या पेटीत प्रीअॅम्प नाहीच, एक ईसीसी 83 आणि लगेच ईएल 84. कार्ट्रिज, व्हॉल्व्ह, स्पीकर आणि ही पोकळ पेटी, सगळं एकमेकांच्या मापानं बेतलेलं आहे. एक काढलं की उरलेल्यांना अर्थ राहत नाही. मी त्याला सांगितलं, बेतणाऱ्यानं बेतलं तसं आधी ऐकू दे, मग बोलू.

25 नोव्हेंबर

चॅसी, म्हणजे सगळे भाग बसवलेली आतली पत्र्याची चौकट, बाहेर काढली. चार स्क्रू आणि स्पीकरच्या वायरी. प्रत्येक वायरला कागदी चिठ्ठी बांधली आणि फोटो काढले. मोठ्या कंडेन्सरमध्ये चार्ज नसणार हे माहीत असूनही रेझिस्टन्स लावून तो उतरवला. ही सवय मोडायची नाही.

मूळ डब्यात 50 आणि 50 मायक्रोफॅरड, 350 व्होल्टचे दोन कंडेन्सर होते. डबा वर तसाच ठेवला, त्याच्या वायरी सोडवल्या आणि खाली 47 मायक्रोफॅरड, 450 व्होल्टचे दोन नवे बसवले. ईझेड 81 च्या पुढचा पहिला कंडेन्सर 50 पेक्षा मोठा घालायचा नाही, नाहीतर सुरू होतानाचा करंट रेक्टिफायरला झेपत नाही. जास्त घातलं की घरघर कमी होईल या मोहानं लोक नेमकं तेच करतात.

मोटरच्या स्विचवरचा ठिणगी दाबणारा जुना कागदी कंडेन्सर थेट मेनवर बसलेला असतो, तोही बदलला. दोन तारांची वायर काढून तीन तारांची घातली, चॅसीला अर्थिंग दिलं. कुरतडलेल्या वायरी बदलल्या.

2 डिसेंबर

पहिली वीज, सिरीज बोर्डावरून. 100 वॉटचा जुना तारेचा बल्ब मधे. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि सेट वाचतो. स्विच दाबला, बल्ब भक्कन पेटला आणि माझा श्वास अडकला. मग तो हळूहळू मंद होत अंगाऱ्यासारखा लालसर झाला. व्हॉल्व्हच्या आतल्या तारा नारिंगी दिसायला लागल्या, एक एक करून, नऊच्या नऊ. गरम धुळीचा आणि मेणाचा वास. हम, म्हणजे विजेची घरघर, अगदी बारीक. दहा मिनिटं नुसती पाहत बसले.

3 डिसेंबर

ईसीसी 83 आणि ईएल 84 च्या मधले कपलिंग कंडेन्सर कालपर्यंत मुद्दाम तसेच ठेवले होते, मोजून बघायचं होतं म्हणून. आज बल्ब काढून एक मिनिटभर थेट वीज दिली. उजव्या ईएल 84 च्या दोन नंबरच्या पिनवर, म्हणजे ग्रिडवर, शून्य व्होल्ट हवेत. होते काही व्होल्ट अधिक. कॅथोडवर 7 च्या आसपास हवेत, होते 11. तिथला रेझिस्टन्स 150 ओहमचा, म्हणजे 70 मिलिअॅम्पिअरच्या वर करंट. 50 पुरेसा असतो. आणखी थोडा वेळ चालू ठेवला असता तर आतली प्लेट लाल झाली असती. कागदी कंडेन्सर गळतो तो असा : आवाज येत राहतो, चांगलाही येतो, आणि व्हॉल्व्ह आतून जळत असतो.

दोन्ही बाजूंना पॉलिएस्टरचे नवे घातले. उरलेले मेणाचेही सगळे बदलले, अकरा होते. आता ग्रिड शून्य, कॅथोड उजवा 7.4, डावा 7.2. इतके जवळ आकडे आलेले पाहून फार समाधान वाटलं.

10 डिसेंबर

रेडिओ बोलला. व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये क्लीनर मारून वीस-पंचवीस वेळा फिरवला, बँडच्या बटणांचे काँटॅक्ट साफ केले, आणि एफएमवर माणसाचा आवाज आला, भरदार आणि जवळचा. काकू म्हणाल्या ते खरं होतं. जादूचा डोळा अगदी क्षीण आहे, खोलीत अंधार केल्यावरच हिरवी पट्टी दिसते. आतला लेप वापरून संपतो, त्याला इलाज नाही.

17 डिसेंबर

चेंजर. ताट, म्हणजे रेकॉर्ड जिच्यावर फिरते ती जड चकती, उचललं आणि कळलं की मोटर दमली म्हणणाऱ्या माणसानं हे ताट उचललंच नसावं. खालचं ग्रीस सुकून गुळासारखं झालेलं. टोनआर्म, म्हणजे सुईचा लांब हात, उचलणारा मोठा दातेरी चक्राचा भाग हातानंही हलेना. सगळं सुटं केलं, मातीच्या पसरट भांड्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन एकेक तुकडा धुतला, कानकोरण्याच्या कापसानं भोकं साफ केली. मोटर उघडून तिच्या दोन्ही बुशांना आणि भोवतालच्या नमद्याच्या चकत्यांना पातळ तेल पाजलं. नमदा कोरडा ठणठणीत होता, थेंब थेंब पीत राहिला.

एक लहानशी पत्री आहे, बोटाच्या नखाएवढी. रेकॉर्ड संपताना खाच भराभर आत वळते, टोनआर्म वेगानं सरकतो आणि ही पत्री ढकलली जाऊन ताटाच्या दात्याला लागते. तिथून सगळं चक्र सुरू होतं : आर्म उठतो, बाजूला जातो, मधल्या दांड्यावरून वरची रेकॉर्ड खाली पडते, आर्म परत येतो. ती पत्री वाऱ्यानं हलावी इतकी मोकळी लागते. तिला तेल अजिबात द्यायचं नाही. आज तेल लागलं तर उद्या धूळ चिकटते आणि शेवटच्या खाचेत सुई रात्रभर फिरत राहते.

जोडणी संध्याकाळपर्यंत चालली. रेकॉर्डच्या जागी पुठ्ठ्याची चकती ठेवून हातानं ताट फिरवलं. टक, आर्म उठला. टक, चकती पडली. असं किती वेळा केलं ते मोजलं नाही.

24 डिसेंबर

कार्ट्रिज मृत. मूळची क्रिस्टलची होती, रोशेल सॉल्टची. हे क्षार हवेतला ओलावा शोषून विरतात. एक चॅनल पूर्ण बंद, दुसरा कुजबुजल्यासारखा. तिच्या जागी त्याच मापाची सिरॅमिक उलटसुलट कार्ट्रिज मिळवली : एका बाजूला एलपीची बारीक सुई, दुसऱ्या बाजूला 78 ची जाड. सुईचा दाब स्प्रिंगवर जुळवून पाच ग्रॅमवर आणला. तराजू नसताना अंदाजानं कधीच लावू नये. कमी असेल तर सुई खाचेत उड्या मारते आणि जास्त दाबापेक्षाही तेच रेकॉर्डला अधिक जाचतं.

31 डिसेंबर

पहिली रेकॉर्ड. पियानोची एलपी घेतली, कारण पियानो वेगातली चूक लपवत नाही. दोन्ही बाजूंनी आवाज आला, स्वच्छ आला. आणि चुकीचा आला. जड, ओढलेला, सगळं पाण्याखाली वाजत असल्यासारखं.

मोटर दमली आहे, हे वाक्य मलाही आठवलंच.

6 जानेवारी 2024

मोटरचा दांडा, मग रबरी चाक, मग ताटाची आतली कड, अशी गती जाते. रबर कडक आणि गुळगुळीत झालं होतं, घसरत असणार. अल्कोहोलनं पुसलं, बारीक पॉलिश पेपरवर फिरवून कड खरखरीत केली. मोटर बंद असताना हे चाक दांड्याला टेकून राहिलं की त्यावर खाच पडते, ती मात्र नव्हती. पुन्हा लावलं. काडीचाही फरक नाही.

7 जानेवारी

रात्री झोप लागली नाही. रबराचं चाक लहान झालं असेल म्हणून वेग कमी, असं मनात घोळत होतं. पहाटे लक्षात आलं की ते शक्यच नाही. मधल्या चाकाचा व्यास काहीही असो, दांड्याची कड जितकी सरकते तितकीच ताटाची कड सरकते. चाक फक्त निरोप पोचवतं. वेग ठरतो तो मोटरच्या फेऱ्यांवर आणि दांड्यावरच्या पुलीच्या जाडीवर.

उठून आधी मोजलं. ताटाच्या कडेला कागदाची पट्टी चिकटवली, घड्याळ समोर. तेहतीस पूर्णांक एकतृतीयांशला तीन मिनिटांत बरोबर 100 फेऱ्या व्हायला हव्यात. झाल्या 83 आणि वर थोडीशी. पंचेचाळीसवर दोन मिनिटांत 90 हव्यात, झाल्या 75. अठ्ठ्याहत्तरवर मिनिटाला 65.

कागदावर भागाकार केला. तिन्ही ठिकाणी एकच उत्तर : सहापैकी पाच. घसरण असती तर ती दर वेगाला वेगळी आली असती. दमलेली मोटर इतकी नेमकी दमत नाही. सहापैकी पाच म्हणजे 60 पैकी 50. इथली वीज 50 हर्ट्झची आहे, आणि पुली 60 हर्ट्झची!

मोटर उलटी करून पाहिली. पत्र्यावर स्पष्ट लिहिलंय, 50/60. मोटर दोन्हींवर चालते, फक्त तिच्या दांड्यावरची पितळी पुली बदलावी लागते. काका ज्या देशातून आले तिथली वीज 60 ची असणार. त्यांनी व्होल्टेज बदललं, कारण त्याचं बटण मागे दिसत होतं. पुली ताटाखाली होती. ती बदलायची असते हे त्यांना कोणी सांगितलं नाही आणि त्या बघायला आलेल्या माणसानं ताट उचललं नाही.

म्हणजे हा रेडिओग्राम इथं आल्या दिवसापासून आजपर्यंत एकदाही बरोबर वाजलेला नाही. वीस मिनिटांची बाजू चोवीस मिनिटं चालायची आणि सूर तीन अर्धस्वरांनी खाली. काळी पाचमधलं गाणं पांढरी पाचमध्ये. चहा गार झाला तरी मी तशीच खाली बसून होते.

13 जानेवारी

कॅलिपरनं पुलीच्या चारही पायऱ्या मोजल्या : 2.5, 5.0, 6.75 आणि 11.7 मिलिमीटर. प्रत्येकीला 1.2 नं गुणलं. 3.0, 6.0, 8.1 आणि 14.04. कागदावर आकृती काढून लेथवाल्या दादांकडे दिली. त्यांनी जुनी पुली चिमटीत धरून बराच वेळ फिरवून पाहिली. "ताई, शंभराव्या भागापर्यंत पाहिजे का तुम्हाला?" म्हटलं, जमेल तितकं नेमकं, कारण पुली किंचित जरी एकांगी फिरली तरी ती सुरात ऐकू येते.

20 जानेवारी

पुली आली, लावली. तीन मिनिटांत 100 फेऱ्या. मोजून पुन्हा मोजल्या. पण पियानोचे लांब स्वर थरथरतात. वेग बरोबर, पण थरथर. कॅलिपरनं कुठे काही दिसत नाही. डायल इंडिकेटर, म्हणजे बारीक डोल मोजणारं काट्याचं यंत्र, लावला तर मोठ्या पायरीचा डोल साताठ शतांश मिलिमीटर.

27 जानेवारी

दादांनी स्वतःहून दुसरी करून दिली. पहिल्या वेळी पायऱ्या आधी कातल्या आणि मग पलटून भोक पाडलं होतं. या वेळी भोक आणि पायऱ्या एकाच पकडीत केल्या, जॉब चकमधून काढलाच नाही. पुली हातात देताना त्यांनी ती पिठाच्या गोळीसारखी फडक्यात गुंडाळून दिली.

स्ट्रोब चकती ठेवली, म्हणजे वेग बरोबर असेल तर दिव्याखाली जिच्या रेघा स्थिर दिसतात ती चकती. 50 हर्ट्झसाठी तेहतीस पूर्णांक एकतृतीयांशच्या कड्यावर 180 रेघा असतात. हल्लीच्या एलईडी दिव्याखाली बहुतेकदा रेघा नीट दिसत नाहीत, म्हणून निऑनचा छोटा दिवा वर धरला. आधी सगळा करडा धूसर पट्टा, मग ताट वेगात येताच त्यातून एकेक रेघ वेगळी झाली आणि जागच्या जागी उभी राहिली. फिरत्या ताटावर स्थिर रेघा. जरा पुढे सरकतात, मिनिटाला दोन-तीन. तेवढं कोणाच्याही कानाला कळणार नाही.

पियानो लावला. पूर्ण बाजू ऐकली, मधे उठले नाही.

4 फेब्रुवारी

चॅसी पेटीत परत बसवली, स्पीकर जोडले आणि दोन नवी दुखणी.

पहिलं सोपं. गाणाऱ्याचा आवाज मधून यायला हवा, तो कुठूनच येत नव्हता, खालचे सूरही पोकळ. कुरतडलेल्या वायरी बदलताना डाव्या स्पीकरची उलटी जोडली होती. दीड व्होल्टचा सेल टेकवून पाहिलं : उजव्याचा कागद पुढे येतो, डाव्याचा मागे जातो. वायरी बदलल्या आणि आवाज मधोमध येऊन उभा राहिला.

दुसऱ्यानं दिवस खाल्ला. व्हॉल्यूम अर्ध्याच्या वर नेला की हूऽऽ असा खालचा हुंकार वाढत जातो. रेडिओवर नाही, फक्त रेकॉर्डवर, आणि सुई रेकॉर्डवर टेकलेली असतानाच. म्हणजे स्पीकरचा हादरा पेटीतून सुईपर्यंत पोचतोय, पुन्हा मोठा होऊन स्पीकरमधून येतोय. स्पीकर आणि ताट एकाच पेटीत असण्याचं हे मूळ दुखणं, म्हणून चेंजर स्प्रिंगांवर तरंगता ठेवलेला असतो. मी ताटाच्या पाटीवर बोट दाबलं. हलेना. दोन कोपऱ्यांत लाल रंगाचे स्क्रू, घट्ट आवळलेले. प्रवासात चेंजर हलू नये म्हणून ते कसतात आणि पोचल्यावर सैल करतात. बोटीसाठी कसलेले, ते आजपर्यंत तसेच. जोडणी करताना मीही ते पुन्हा तसेच कसले होते, फोटोत होतं म्हणून.

सैल केले. पाटी बोटाखाली मऊ खाली गेली आणि वर आली. आता व्हॉल्यूम पाऊण नेला तरी हुंकार नाही.

11 ते 18 फेब्रुवारी

लाकूडकाम. डाव्या तळाशी ओल लागून विनिअर, म्हणजे वरचा लाकडाचा पातळ पापुद्रा, हातभर सुटलं होतं. जुनी चिकटवण सरसाची होती, आणि सरसाची गंमत अशी की उष्णता आणि ओलावा मिळाला की तो पुन्हा मऊ होतो. ओलं फडकं ठेवून वरून कोमट इस्त्री, मग फळी आणि शिकंजे, दोन रात्री. एक कोपरा धरला नाही, तिथं नवा सरस भरला.

झाकणावर दोन गोल डाग होते, एक पांढरा आणि एक काळा. पांढरा वरच्या पॉलिशमध्ये अडकलेल्या ओलाव्याचा. स्पिरिटमध्ये जेमतेम भिजवलेलं फडकं हलक्या हातानं फिरवलं आणि तो गेला. त्यावरूनच पॉलिश चपड्याचं, म्हणजे लाखेचं, आहे हेही नक्की झालं, कारण स्पिरिटनं ते जरा चिकट झालं. काळा कुंडीचा. लोखंड आणि पाणी लाकडात मुरलं की असा होतो, तो पॉलिशच्या खाली असतो. तिथलं पॉलिश उतरवून ऑक्झॅलिक अॅसिडचं पाणी लावलं, हातमोजे घालून, दोनदा. फिकट तपकिरी सावली उरली. तिसऱ्यांदा लावलं नाही, विनिअर कागदासारखं पातळ आहे.

मग चपडा. सुती फडक्यात कापसाचा बोळा, त्यावर तेलाचा एक थेंब, आणि आठचे आकडे. बारा हात दिले, चार दिवसांत विभागून. जुनी चमक जिथं शाबूत होती तिथं नवा हात दिलाच नाही. पाटीवर ज्या जागी कोणाचं तरी मनगट टेकायचं तिथं रंग उडालेला आहे, तोही तसाच ठेवला.

25 फेब्रुवारी

हरवलेलं बटण मिळालेलं नाही, लाकडाचं करून रंगवलंय, जवळून कळतं. जादूच्या डोळ्यासाठी न वापरलेला ईएम 84 शोधतेय. स्पीकरचं कापड धुतलं नाही, धागा जीर्ण आहे, फक्त मागून हवा मारली.

3 मार्च

काकू आल्या. पिशवीत चार एलपी, घर रिकामं करतानाही न टाकलेल्या. त्यांना पुलीचं सांगितलं नव्हतं. फक्त म्हटलं, चला, ऐका.

त्यांनी स्वतःच लावल्या. इतक्या वर्षांनी हाताला सगळं आठवत होतं : तीन रेकॉर्ड दांड्यावर ठेवल्या, वरचा आडवा हात त्यांवर टेकवला, खटका ढकलला. टक. रेकॉर्ड पडली, आर्म उठला, आला, टेकला. थोडी खरखर आणि मग गाणं.

काकू खुर्चीत टेकल्या होत्या, त्या पुढे झुकल्या.

"हे तेच गाणं आहे?"

तेच आहे, म्हटलं.

"याचा आवाज इतका कोवळा आहे?" मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दुसरं गाणं सुरू झाल्यावर म्हणाल्या, "आम्हाला वाटायचं या माणसाचा आवाजच जाड आहे. हे म्हणायचे, रेडिओवर वेगळा लागतो, रेकॉर्डवर वेगळा लागतो, असं कसं गं? आणि मी म्हणायची, असेल, यंत्र परदेशातलं आहे."

तेव्हा मी जुनी पुली त्यांच्या हातावर ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी ती चष्मा लावून पाहिली, अंगठ्यानं पायऱ्यांवरून एकदा वर, एकदा खाली. पिशवीच्या आतल्या कप्प्यात टाकली. मी काही म्हटलं नाही.

तिसरी रेकॉर्ड संपली. पत्री लागली, आर्म उठून आपल्या जागी जाऊन बसला, खटका पडला आणि ताट हळूहळू थांबलं.

"आता उलट्या कर," काकू म्हणाल्या, "दुसरी बाजू राहिली."